परड्यातला घाट

"अण्णा, डोळे मिटा. मी सांगेन तेव्हाच उघडायचे," मी म्हणाले आणि सासऱ्यांचा हात धरून त्यांना मागच्या दाराच्या पायरीवर आणून उभं केलं.

सुनेनं सासऱ्याशी असं बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती. पण घरात सासूबाई नव्हत्या, त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, आणि अण्णांनी पहिल्याच आठवड्यात मला सांगून टाकलं होतं, "हितं पदर सांभाळत बसू नगंस. कोंबड्या वळखत्याल इतपत आवाज ठेव, बास झालं." त्या दिवसापासून माझा आवाज जो सुटला तो आजतागायत बसलेला नाही.

"हं, उघडा!"

अण्णांनी डोळे उघडले. समोर माझी दोन दिवसांची मेहनत होती. मागच्या दारापासून थेट खुराड्यापर्यंत, परड्याच्या मधोमध, दोरी लावून आखलेली सरळ वाट. दोन्ही कडांना तिरप्या रोवलेल्या विटा आणि विटांना चुना. अण्णा दोन दिवस जुन्या सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला गेले होते, तेवढ्यात मी हा डाव साधला होता.

अण्णांनी मान उजवीकडं वळवली, मग डावीकडं, मग परत उजवीकडं. ती त्यांची सवयच होती. तीस वर्षं एसटी चालवली, आरसे बघून बघून मान तशी झाली, असं आम्ही सगळे त्यांना चिडवायचो.

"झकास," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आन् गवती चहा गं?"

"मध्ये येत होता. उपटून कुंपणाला लावला. पुदिना, ओवा, सब्जा सगळं एका वाफ्यात घेतलं. कसं शिस्तीत दिसतंय बघा!"

"वळणावरचं दगड?"

"हौदाच्या मागं टाकले. आता वळणच नाही तर दगड कशाला?"

"व्हय, ते बी खरं," अण्णा म्हणाले. पण पायरी उतरून वाट बघायला काही गेले नाहीत. "दमलोय," म्हणत आत वळले आणि मी जराशी हिरमुसले.

मला लहानपणापासून सरळपणाचं वेड. दोरीवरचे कपडे, डब्यांची रांग, भांगाची रेघ, कुठं वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवायचे. आणि अण्णांचं परडं म्हणजे वाकडेपणाचा कळस. पाचसहा गुंठे जागा, तिच्यात वांगी, मिरच्या, घेवड्याचे मांडव, लिंबाचं झाड, आणि मधून एक वाट अशी वेडीवाकडी गेलेली की खुराड्यापर्यंत पोचायला दुप्पट चालावं लागायचं. त्या वाटेवर ऐन वळणात कुठं गवती चहा, कुठं पायाखाली पुदिना. मी वर्षभर गप्प बसले होते. आता मात्र कारण तसंच घडलं होतं.

पुण्याहून नणंदेचं पत्र आलं होतं. शालन वन्सं. त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, "रविवारी येतेय. या खेपेला अण्णांना घेऊनच जाणार. त्यांचं वय झालं, आता परड्यातलं जंगल आणि कोंबड्यांचा उपद्व्याप बंद." माझे यजमान विलास बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते. "ताई म्हणते त्यात चूक काय?" एवढंच बोलले. पुण्याला वन्संचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथं अण्णांना एक खोली मिळणार होती, खिडकीसकट.

मला ते डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. कारण अण्णांची कोंबड्यांवर नुसती माया नव्हती, त्यांचा संसार होता तो. नऊ कोंबड्या, आणि एकेकीचं नाव त्यांच्या जुन्या मार्गावरच्या थांब्यावरून. उंचावर चढून बसणारी ती पाचगणी, सदा मागं राहणारी मेढा, पिलं घेऊन हिंडणारी केळघर. कोंबड्याचं नाव कंडक्टर. तो आरवला की अण्णा म्हणायचे, "चला, तिकिटं घ्या!" पहाटे आणि संध्याकाळी खुराड्यापाशी बसून ते बराच वेळ मान मागं टाकून आभाळाकडं बघत राहायचे. "घार बघतोय," म्हणायचे, "पिलांवर नजर असती तिची." तर मला वाटलं, वन्सं येण्याआधी परडं जरा नीटनेटकं केलं, तर त्यांचा रागही उतरेल आणि अण्णा इथंच राहतील.

दिवे लागायच्या सुमारास अण्णा कोंबड्या कोंडायला निघाले. पायरीवर थांबून नेहमीसारखे स्वतःशीच म्हणाले, "डबल बेल," आणि उतरले. शालन वन्सं लहान असताना अण्णा ड्युटीवर निघाले, की स्वयंपाकघरातून तांब्यावर पळी दोनदा वाजवायच्या, कंडक्टरनं गाडी सोडायला मारलेल्या घंटेसारखी. मगच हे घराबाहेर पडायचे. नोकरी सुटली, लेक सासरी गेली, घंटा बंद झाली, म्हणून आता हे आपले तोंडानंच म्हणायचे.

मी आत तांदूळ निवडत होते. विटा घरंगळल्याचा आवाज आला, आणि मागोमाग कंडक्टरचा कलकलाट.

धावत गेले तर अण्णा वाटेवर आडवे. एक हात अंगाखाली. मी उठवायला गेले तर म्हणाले, "काय न्हाई, काय न्हाई. चप्पल सटाकली." चप्पल दोन्ही पायांत घट्ट होती. मनगट टम्म सुजलं होतं. मी हळद-चुन्याचा लेप करून बांधला तोवर ते एकदाही माझ्या विटांबद्दल बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघत होते. अण्णा पायरी उतरले. तीन पावलं टाकली आणि थांबले. डावा हात हळूच खाली गेला, हवेत काहीतरी चाचपायला लागला. जिथं परवापर्यंत गवती चहाचा ठोंब होता, नेमक्या तिथं. हाताला काही लागलं नाही. मग पाय पुढं सरकवून त्यांनी विटेची कड शोधली आणि तिला घासत घासत चालू लागले. मेढा नेहमीच्या संथपणानं त्यांच्या उजव्या पायाशी आली. अण्णांनी तिला सरळ लाथाडलं. कोंबडी ओरडली तसे ते दचकले आणि म्हणाले, "चुकलं गं बाई, चुकलं."

मी अनवाणी बाहेर गेले आणि आवाज न करता त्यांच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले. ते समोर बघत होते. मी उभी आहे, हे त्यांना कळलंच नाही.

"अण्णा," मी म्हणाले.

ते केवढे दचकले! मान गर्रकन वळली. "कवा आलीस?"

"मघाशीच. तुम्हाला दिसले नाही?"

अण्णा वळले. चालत खुराड्यापर्यंत गेले, तिथल्या दगडावर बसले आणि पत्र्याच्या वळचणीत हात घालून एक छोटी बाटली काढली. मान मागं टाकली आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. म्हणजे घार वगैरे काही नव्हती.

"काचबिंदू," ते म्हणाले. "समोरचं दिसतं. पेपर वाचतो का न्हाई मी? तुझी टिकली दिसती, पण बांगड्या दिसत न्हाईत. नळीतनं बघितल्यावानी. मोतीबिंदू काढता येतो, ह्यात गेलेलं परत येत न्हाई. थेंब टाकतो म्हणून हाय तेवढं टिकलंय."

"आणि ती वाट..."

"ती तुझी सासू आन् मी, दोघांनी आखलेली. तिला एकटीला ठावं हुतं. गवती चहा पोटरीला लागला की पयलं वळण. पुदिन्याचा वास आला की दुसरं. अंधार पडला तरी अडत न्हवतं."

दोन दिवस घाम गाळून मी सासूबाईंच्या हातची वाट उपटून टाकली होती, वर तिला चुनाही लावला होता. मला रडू फुटलं. अण्णा म्हणाले, "रडतीस कशाला? म्या सांगितलंच न्हवतं, तर तुला काय सपान पडणार?"

"कधीपासून आहे हे?"

"झाली की पाच वर्षं."

मी हिशेब केला आणि रडायची थांबले. पाच वर्षांपूर्वी अण्णांनी नोकरी सोडली होती, निवृत्तीला दोन वर्षं असताना. ते घरात एक कायमचं कुसळ होतं. ऐन मुलीच्या लग्नाच्या तोंडावर बापाला काम जड झालं, असं सगळे म्हणायचे. माझे यजमानसुद्धा.

"घाटातलं सहावं वळण," अण्णा म्हणाले. "डाव्या अंगानं एक बाई चाललेली, डोक्यावर गवताचा भारा. मला दिसलीच न्हाई. कंडक्टरनं सिंगल बेल मारली म्हणून ब्रेक दाबला. भारा चाकाखाली गेला, बाई वाचली. उठली आन् मलाच म्हणती, 'दादा, माझंच चुकलं, मी कडंला व्हायला पायजे हुतं.'" त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "तिचं काय चुकलं हुतं? गाडी तिथंच उभी केली. दुसरा डायवर येईस्तवर बसलो दगडावर. पुन्यांदा स्टेरिंगला हात लावला न्हाई."

"मग घरात सांगायचं ना! एवढी बोलणी का खाल्लीत?"

"शालनला तवा स्थळ आलं हुतं. चांगली माणसं. डॉक्टर म्हणला, ह्यो आजार रक्तात असू शकतो, पोरांचं डोळं दर साली तपासा. आता सांग, हे पाव्हण्यांच्या कानावर गेलं असतं तर लगीन झालं असतं? आळशी बापाची लेक चालती गं लोकास्नी. आंधळ्या बापाची न्हाई चालत."

वन्संना जाणाऱ्या अण्णांच्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ ठरलेली असायची, "डोळे तपासून घे." वन्सं वैतागायच्या. दर वर्षी तालुक्याला डोळ्यांचं शिबिर लागलं, की विलासलाही ते मानगूट धरून न्यायचे. आम्ही त्याला म्हातारपणाचं खूळ म्हणायचो. मी माणसं पुष्कळ बघितली आहेत, पण असं, तोंडातून चकार शब्द न काढता स्वतःला वाईट ठरवून घेणारा माणूस दुसरा बघितला नाही.

"वन्संना कळलं, तर त्या तुम्हाला एक दिवस इथं ठेवणार नाहीत," मी म्हणाले.

"म्हणून तर कळू द्यायचं न्हाई. तिथं तिसऱ्या मजल्यावर मी खुर्चीत बसून काय करू? हितं नळीतनं का हुईना, दिसतंय तवर माझं मी हिंडतो. तू बोलणार न्हाईस. शपथ."

मी शपथ घेतली. मग पदर खोचला आणि पहिली वीट उपटली.

ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. यजमान कामावर गेले, की आमचं काम सुरू. मी अण्णांना म्हणाले, "आठवतंय का सगळं? कुठं काय होतं?" ते पायरीवर उभे राहिले, डोळे मिटले आणि सुजलेला हात छातीशी धरून बोलायला लागले. "तीन पावलं सरळ. डावीकडं गवती चहा. आता उजवीकडं वळ. न्हाई, एवढं न्हाई, येस्टी हाय ही, सायकल न्हवं. हां. पाच पावलं. हितं पुदिना. आता चढ सुरू हुतो."

"इथं कुठं चढ आहे, अण्णा? जमीन सपाट आहे."

"घाटात हाय," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी हातातली कुदळ खाली ठेवली आणि वळणं मोजली. सात. त्यांच्या घाटाची सात वळणं. ज्या रस्त्यावर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली तोच त्यांनी परड्यात उतरवून घेतला होता. पहिलं वळण गवती चहाचं, दुसरं पुदिन्याचं, तिसरं पुन्हा गवती चहाचं, मग ओवा, सब्जा, कढीपत्ता. सातव्यावर लिंबाचं झाड, आणि त्याच्या पलीकडं वरचा थांबा म्हणजे खुराडं.

"सोबत्यांना सांगायचो," अण्णा हसत म्हणाले, "ह्यो घाट मी डोळं मिटून चालवीन. बोलून बसलो आन् खरं करायची येळ आली बघ."

मी हसले आणि त्याच वेळी डोळे पुसले. उपटलेले ठोंब थोडे कोमेजले होते, ते भरपूर पाणी घालून परत रोवले. हौदामागचे दगड आणले. शनिवारी दुपारपर्यंत वाट पहिल्यासारखी वाकडी झाली. आयुष्यात वाकडं काम मी एवढ्या निगुतीनं पुन्हा कधी केलं नाही.

रविवारी सकाळीच वन्सं आल्या. येताना अण्णांच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग घेऊनच आल्या. दारातच त्यांचं लक्ष बांधलेल्या मनगटाकडं गेलं.

"पडलात ना? मला माहीत होतं. विलास, तू काय बघतोस रे? उद्या सकाळच्या गाडीनं मी यांना नेणार."

"चप्पल सटाकली," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी ते कोंबड्या कोंडायला निघाले तेव्हा वन्सं हाताची घडी घालून मागच्या दारात उभ्या होत्या. मी चुलीपाशी होते, पण जीव सगळा परड्यात. अण्णा उतरले. गवती चहा, उजवं वळण, पुदिना. तिसऱ्या वळणावर त्यांचा हात खाली गेला, क्षणभर हवेतच राहिला, मग सावरला. पुढं मात्र ते झोकात गेले. पाचगणीला खाली उतरवली, केळघर आणि तिची पिलं आत घेतली, दार लावलं, वळचणीत हात घालून घटकाभर मान मागं टाकली, आणि परत येताना तीन अंडी आणि मूठभर गवती चहा घेऊन आले.

"घे," वन्संना म्हणाले, "चहात टाक. तुमच्या पुण्यात असला मिळतो का?"

वन्संनी अंडी घेतली. जेवताना मात्र विषय निघालाच.

"हट्ट सोडा आता, अण्णा. आयुष्यभर तुमच्या मनाचंच केलंत. माझ्या लग्नाच्या तोंडावर नोकरी सोडलीत. सासरी अजून मला ऐकून घ्यावं लागतं, तुझ्या वडिलांना बसून खायची हौस. काय उत्तर देऊ मी?"

माझी तव्यावरची भाकरी करपली. बोलायला तोंड उघडलं आणि अण्णांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी भाकरी उतरवली.

"व्हय गं," अण्णा म्हणाले. "काम अंगावर यायला लागलं हुतं." मग पाण्याचा घोट घेऊन विचारलं, "ह्या वर्साला डोळं तपासलंस का?"

"तपासले!" वन्संनी वाटी आपटली. "दर वर्षी तपासते. सहा बाय सहा! काही झालेलं नाही माझ्या डोळ्यांना! तुम्हाला दुसरं काही विचारता येत नाही का?"

"झकास," अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. बापाच्या चेहऱ्यावरचा तो आनंद वन्संनी बघितला. बघतच राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण रागाची नव्हे.

सोमवारी सकाळी मला जाग आली तर वन्सं अंथरुणात नव्हत्या. मागचं दार उघडं होतं. बाहेर बघते तर त्या परड्यात, अनवाणी, डोळे मिटून, डावा हात खाली सोडून चालत होत्या. पोटरीला गवती चहा लागला, तशा वळल्या. पुदिन्यावर पाय पडला, तिथं थांबल्या, खोल श्वास घेतला, पुन्हा वळल्या. दोनदा चुकल्या, तेवढ्यापुरते डोळे उघडून परत मिटले. सातव्या वळणानंतर त्यांचा हात खुराड्याला लागला. तिथून चाचपत वळचणीत गेला आणि थेंबांची बाटली घेऊन बाहेर आला.

तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मला बघितलं.

"कधीपासून?"

मी शपथ घेतली होती. पण समोर ती बाटली होती.

"तुमचं स्थळ आलं होतं तेव्हापासून," मी म्हणाले.

वन्सं हौदाच्या कडेवर बसल्या. बाटली दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ रडल्या. मग त्यांनी तोंडावर हौदातलं पाणी मारलं, बाटली होती तिथं ठेवली आणि उठल्या.

"छाया, तिसऱ्या वळणावरचा गवती चहा वीतभर आत घे," त्या म्हणाल्या. "काल बघितलं मी. त्यांचा हात पोचत नाही."

सकाळची गाडी त्यांनी सोडली. अण्णांना म्हणाल्या, "तुमच्या कोंबड्यांना माझ्या घरात जागा नाही. तेव्हा तुम्ही राहा इथंच." अण्णांनी मान उजवीकडं, मग डावीकडं वळवून माझ्याकडं बघितलं. मी तव्याकडं बघितलं. वन्संनी स्वतः कुदळ घेऊन तो ठोंब आत सरकवला आणि बॅगेत परड्यातली वांगी भरली.

दिवे लागायच्या वेळी अण्णा मागच्या पायरीवर आले. "डबल बेल" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. तांब्यावर पळीचा. टण, टण.

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. मागं वळून बघितलं नाही. बराच वेळ त्यांची पाठ नुसती हलत होती. मग त्यांनी मान उजवीकडं फिरवली, डावीकडं फिरवली आणि पायरी उतरले. तिसऱ्या वळणावर त्यांचा हात खाली गेला आणि पहिल्याच खेपेला गवती चहाला लागला.